निमकी आणि पावकी

आमचे बाबा नागपूरच्या इतवारीत एका धान्याच्या पेढीवर दिवाणजी होते. संध्याकाळी महालातल्या घरी आले की हातपाय धुऊन ओसरीवर बसायचे आणि आम्हा भावंडांकडून पाढे म्हणून घ्यायचे. तीसपर्यंतचे पाढे सगळ्यांच्याच घरी होते. आमच्याकडे त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी अपूर्णांकांच्या पाढ्यांची सगळी रांग होती. पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा करत चाळीस पाव दहापर्यंत जायचं आणि अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. दादा निमकीत पक्का होता, पावकीत अडखळायचा. हे इतक्या वर्षांनी आठवलं ते पत्ते खेळताना.

दर रविवारी रात्री आम्ही सहा जण महालातल्या जुन्या घराच्या गच्चीवर बसतो. दादा, वहिनी, त्यांचा धाकटा मुलगा, मी, माझा नवरा आणि शेजारचे काका. नवतपा सुरू असेल तर दहाच्या आत वर जाता येत नाही, फरशी चटके देते. म्हणून वहिनी संध्याकाळीच दोन बादल्या पाणी मारून ठेवते. लहानपणी आम्ही याच गच्चीवर मेंढीकोट खेळलो, पाच-तीन-दोन खेळलो, दिवाळीत तीन पत्ती खेळलो. आता चार वर्षांपासून ओमाहा हाय-लो हा पोकरचा डाव खेळतो, आणि खरं सांगायचं तर आता दुसरं काही खेळावंसं वाटत नाही.

हा डाव भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, आणला. पुण्यात नोकरीला असताना तो मोबाईलवर शिकला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि ती ॲप पैशांसाठी बंद झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आमच्या घरात पैसे लावून पत्ते कधीच चालले नाहीत. बाबांना ते खपायचं नाही, आणि आम्हालाही खपत नाही. आम्ही चिंचोके लावतो.

चिंचोक्यांची पण एक गोष्ट आहे. आमच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा अंगणात मधोमध भिंत आली. चिंचेचं झाड काकांच्या वाट्याला गेलं, पण त्याच्या निम्म्या फांद्या भिंतीवरून आमच्याकडे आल्या होत्या, त्यांना कोण अडवणार! चिंचा पडत राहिल्या आणि आई चिंचोके पितळी डब्यात साठवत राहिली. तोच डबा आज गच्चीवर येतो. काही चिंचोके हाताळून हाताळून इतके गुळगुळीत झालेत की दिव्याखाली चमकतात.

आता डाव कसा असतो ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रत्येकाला चार पानं मिळतात, ती ज्याची त्याने बघायची. मध्ये पाच पानं उघडतात: आधी एकदम तीन, त्यांना फ्लॉप म्हणतात, मग एक टर्न आणि शेवटी एक रिव्हर. हातातली बरोब्बर दोन आणि मधली बरोब्बर तीन घेऊन आपला पाच पानांचा हात करायचा. या ‘बरोब्बर’वर फार जण फसतात. शेजारच्या काकांनी एकदा मध्ये चार इस्पिक आणि हातात इस्पिकचा एक्का पाहून फ्लश, म्हणजे पाचही पानं एकाच रंगाची, असं जाहीर केलं होतं. हातात दुसरं इस्पिक नव्हतं, म्हणजे फ्लश नव्हताच.

मध्ये जमलेल्या चिंचोक्यांना पॉट म्हणतात. त्याचे दोन भाग होतात. अर्धा वरच्या, म्हणजे सगळ्यात भारी हाताला, अर्धा खालच्या हाताला. तीन पत्तीत मुफलिस खेळलेल्यांना खालचा हात समजवावा लागत नाही, जो सगळ्यात गरीब तो जिंकतो. इथे मात्र एक अट आहे: पाचही पानं वेगवेगळी आणि अठ्ठी धरून तिच्या आतली हवीत. एक्का सगळ्यात लहान धरतात. रन, म्हणजे ओळीतली पाच पानं, किंवा फ्लश झाला म्हणून खालचा हात बिघडत नाही. त्यामुळे एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यात चांगला खालचा हात, आणि तोच वरच्या बाजूला रन म्हणूनही धावतो. मध्ये अठ्ठीच्या आतली तीन वेगवेगळी पानं आलीच नाहीत तर कुणाचाच खालचा हात होत नाही आणि सगळा पॉट वरच्या हाताचा. आणि वरची आणि खालची, दोन्ही बाजू एकाच माणसाने मारल्या तर त्याला स्कूप म्हणतात.

ओमाहा हे अमेरिकेतल्या नेब्रास्कातलं शहर. डाव मात्र रुळला तो लास व्हेगासच्या गोल्डन नगेट कॅसिनोत, १९८० च्या दशकात. तिथून महालच्या गच्चीवर यायला त्याला चाळीस वर्षं लागली.

आम्ही ठरावीक बोलीचा खेळ खेळतो. पहिल्या दोन फेऱ्यांत, म्हणजे फ्लॉपच्या आधी आणि नंतर, बोली दोन चिंचोक्यांची, टर्न आणि रिव्हरला चारची. एका फेरीत एक बोली आणि वर तीन रेज, म्हणजे तीनदा बोली वाढवायची, त्यापुढे नाही.

मला ज्या डावाबद्दल लिहायचं आहे तो मे महिन्यातला. माझ्या हातात इस्पिकचा एक्का, बदामची दुर्री, किलवरचा राजा आणि चौकटची नव्वी. चार पानं, चार रंग. तेव्हा मला फक्त एक्का-दुर्री दिसली. ही जोडी सोळा डावांत साधारण एकदा येते, आणि आली की हात आपोआप चिंचोक्यांकडे जातो. सहाही जण दोन-दोन टाकून आत आले. पॉट बारा.

फ्लॉप: किलवरची चौकी, चौकटची सत्ती, बदामची राणी. दोघांनी पानं टाकली, चार जण राहिले, दोन-दोन चिंचोके. पॉट वीस. इथे माझं गणित बरोबर होतं. अठ्ठीच्या आतलं एक नवं पान हवं होतं. तिर्री, पंजी, छक्की किंवा अठ्ठी, अशी सोळा पानं, न दिसलेल्या पंचेचाळीसातली, आणि यायला दोन संधी. शंभरात सुमारे एकोणसाठ वेळा खालचा हात होतो.

टर्नला इस्पिकची अठ्ठी आली. झाला. एक्का, दुर्री, चौकी, सत्ती, अठ्ठी. या पानांवर याहून चांगला खालचा हात होऊच शकत नाही. यालाच नट म्हणतात. मी चार टाकले. भाच्याने मला बघितलं, दादाला बघितलं आणि पानं ठेवून दिली. दादाने आठ केले. वहिनीने मुकाट्याने आठ टाकले. मी बारा केले. दादाने सोळा. वहिनीने सोळापर्यंतचे मोजून पुढे सरकवले. रिव्हरला बदामचा गुलाम आला, म्हणजे कुणाचंच काही बदललं नाही, आणि पुन्हा तसंच झालं. मी, दादा, मी, दादा. वहिनी प्रत्येक वेळी फक्त जुळवत राहिली.

पानं उघडली. दादाकडे एक्का, दुर्री आणि दोन दहल्ले. वहिनीकडे एक्का, तिर्री, पंजी, छक्की. चौकी-पंजी-छक्की-सत्ती-अठ्ठी असा रन, वरचा अर्धा एकटीचा.

पॉट एकशे सोळा. वहिनीला अठ्ठावन्न. उरलेल्या अठ्ठावन्नात दादा आणि मी सारखे, म्हणून एकोणतीस-एकोणतीस. माझे छत्तीस गेले होते, एकोणतीस परत आले. नट हातात असून मी सात चिंचोक्यांनी हरले, आणि दादाही सातनेच.

“माझ्याजवळ नट होता ना बाप्पा,” दादा म्हणाला, “मग रेज काऊन नाही करू?”

वहिनी चिंचोके दहा-दहाच्या ढिगात लावत होती. “करा ना. मी तर बघून राहिली होती, तुम्ही दोघं कुठवर जाता ते.”

तिला एकदाही रेज करावं लागलं नव्हतं. तिचं काम आम्ही दोघं बहीण-भाऊ करत होतो.

त्या रात्री झोप येईना. कूलरचा आवाज, वाळ्याचा वास, आणि डोक्यात एकशे सोळाचा पाव. उठले, कालनिर्णयाचं मागच्या महिन्याचं पान काढलं आणि त्याच्या रिकाम्या जागेत पेन्सिलीने मांडत बसले. शेवटच्या दोन फेऱ्यांत मी बत्तीस टाकले होते. तिघांचे मिळून शहाण्णव, त्याचा पाव चोवीस. म्हणजे नुसत्या त्या दोन फेऱ्यांतच आठ गेले. आधीच्या वीसमध्ये इतरांनी टाकून दिलेले चिंचोके होते, त्यांनी एकाची भरपाई केली. आणि आम्ही एकही रेज न करता दोन्ही फेऱ्यांत चार-चारच टाकले असते तर? पॉट चव्वेचाळीस, माझा पाव अकरा, माझे गेलेले बारा. फक्त एकाने हरले असते. पानं तीच, मध्ये उघडलेली तीच, वहिनीचा रन तोच. एक आणि सात यांच्यातला सगळा फरक आम्ही दोघांनी स्वतःच्या हाताने तयार केला होता.

मग मी बाबांच्या पद्धतीने मांडलं. मला निमकी मिळणार की पावकी, आणि भरणारी डोकी किती? पावकी मिळणार असेल आणि भरणारे चौघं असतील, तर टाकलेलं तेवढंच परत. पाच असतील तर चार टाकून पाच येतात. तिघं असतील तर चार टाकून तीनच. दोघं असतील तर अर्धे जातात. निमकी मिळणार असेल तर दोघांत बरोबरी आणि तिसरं डोकं आलं की नफा. पाटीवर दोन ओळींत मावेल एवढंच गणित आहे. पण नट हातात असला की माणूस आपली पानं बघतो, डोकी मोजत नाही.

आता राहिला प्रश्न असा की, पावकी होणार हे आधी कसं कळावं? तेही मांडून पाहिलं. माझ्या हातात एक्का-दुर्री असताना समोरच्या एका माणसाला चार पानांत तीच जोडी असण्याची शक्यता शंभरात चार-साडेचार. समोर पाच जण, म्हणजे साधारण वीस. पाच डावांत एकदा. मला वाटायचं त्याहून हे खूप जास्त निघालं. शिवाय ही सगळ्यांची सरसकट गोष्ट झाली. जो माणूस मधल्या लहान पानांवर शेवटपर्यंत थांबतो आणि माझ्या रेजवर रेज करतो, त्याची पानं सरसकट राहिलेली नसतात. दादाने सोळा केले तेव्हाच त्याच्याकडे दोनपैकी एक काहीतरी होतं: एक्का-दुर्री किंवा पंजी-छक्की. आणि वहिनी एक शब्द न बोलता सोबत येत होती, तेव्हा तिच्याकडे नुसतं काहीतरी नव्हतं. टर्नला पहिल्या रेजनंतर मी फक्त जुळवायला हवं होतं.

एक्का-दुर्रीच्या मोहाबद्दल अजून एक गोष्ट त्याच पानावर सापडली. मध्ये पाच पानं उघडल्यावर कुणाला खालचा हात शक्य व्हावा इतकी लहान पानं शंभरात साठ वेळाच येतात. उरलेल्या चाळीस वेळा खालची बाजूच नसते. माझ्या त्या हातात एक्का-दुर्री सोडून होतं काय? राजा आणि नव्वी, ना रंग जुळलेला, ना रन होण्यासारखं. चाळीस वेळा शून्य, आणि साठमधल्या ज्या वेळा हात होतो त्यातही बहुधा अर्धाच, कधी पाव. शिवाय मधे पुन्हा दुर्रीच पडली तर आपली दुर्री फुकट जाते.

वहिनी हे सगळं कागदावर न मांडता करते. मी तिला पुढच्या रविवारी तर्री-पोहे खाताना विचारलं, कारण सकाळी ती मोकळी असते. ती म्हणाली, “मी पानं उचलली की एकच बघते, हा हात वरही जाते का आणि खालीही जाते का. एकाच बाजूचा असला तर ठेवून देते.” मग थोडं थांबून, “राजा-राणी-गुलाम-दहल्ला असा नुसता वरचा असला तर खेळते. फ्लॉप लहान आला की सोडून देता येते ना. फसवते तो मधला हात.”

मधला हात म्हणजे छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी. दिसायला शेजारी-शेजारी, गोड. पण त्याचा रन व्हायला मध्ये बहुधा लहान पानं यावी लागतात, आणि ती आली की खालची बाजू दुसऱ्या कुणाची तरी उघडते. म्हणजे जिंकलात तरी अर्धंच, आणि खालचा हात झाला तर तो सगळ्यात कमजोर. मी असे हात वर्षभर हौसेने खेळले होते. वहिनीने ते एकदाही खेळल्याचं मला आठवत नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं, कारण पानं टाकणाऱ्याकडे कोण बघतं.

तेव्हापासून आमच्या गच्चीवर शब्द रुळले. कुणाला पाव मिळाला की ‘पावकी बसली’ म्हणतात. अर्धा मिळाला तर ‘निमकी’. भाच्याला हे पाढे माहीतच नव्हते, त्याला दादाने म्हणून दाखवले. पावकीत सव्वापाचच्या पुढे दादा अजूनही अडखळला, आणि मी पुढचं म्हटलं.

काही जण म्हणतील, चिंचोक्यांसाठी एवढं? मला हा प्रश्न पटत नाही. चिंचोका असो की काही असो, डाव नीट खेळायचा तर तो पूर्ण मनाने खेळायला हवा. दादा रेल्वेतून निवृत्त झाला त्या वर्षी संध्याकाळ झाली की काय करू, काय करू करायचा. आज रविवारच्या डावावर तो बुधवारपर्यंत बोलतो. मंगळवारी मला फोन येतो, “ते रिव्हरचं पान पडल्यावर तू काऊन थांबली?” आणि आम्ही अर्धा तास एका पानावर बोलतो. आमच्यात इतकं बोलणं वाटणीच्या काळातही झालं नव्हतं. तेव्हा झालं असतं तर बरं झालं असतं.

परवाच्या रविवारचा एक डाव सांगते. पाऊस उघडला होता, गच्ची ओली होती, म्हणून ओसरीवर बसलो. माझ्याकडे बदामचा एक्का, बदामची तिर्री, इस्पिकची दुर्री, इस्पिकचा गुलाम. पूर्वी मी यातही एक्का-दुर्रीच पाहिली असती. आता तिर्रीकडे पाहते. चार पानांतून दोन-दोनच्या सहा जोड्या निघतात, त्यातल्या किती कामाच्या हे आधी मोजायचं.

चौघं आत आले. शेजारच्या काकांनी सुरुवातीचा सक्तीचा एक चिंचोका टाकून पानं ठेवली होती. पॉट नऊ. फ्लॉप बदामची पंजी, बदामची अठ्ठी, किलवरचा गुलाम. दादाने दोन टाकले, तिघं राहिलो, पंधरा. टर्नला किलवरची छक्की. माझा खालचा हात नट झाला, वर गुलामांची जोडी, आणि बदाम आला तर एक्क्याचा फ्लश. दादाने चार टाकले. माझा नवरा बाहेर पडला. मी आठ केले. दादाने बारा.

मी थांबले. दादा माझ्याकडे बघत होता. दोघंच उरलो होतो. त्याच्याकडे एक्का-दुर्री आहे, ती नसती तर तो बारावर गेला नसता. वरच्या बाजूलाही तो माझ्या पुढे असेल तर मला पावकी, आणि दोघांत पावकी म्हणजे टाकलेल्यातलं अर्धं पाण्यात. मी सोळा केले नाहीत. चार जुळवले. पॉट एकोणचाळीस.

रिव्हरला चौकटची दुर्री आली.

दादाच्या तोंडून नुसतं “हट्” निघालं. त्याची दुर्री मेली होती. माझीही मेली होती, पण माझ्याकडे तिर्री होती. एक्का, दुर्री, तिर्री, पंजी, छक्की, यावर दुसरं काही नाही. वरच्या बाजूलाही गुलाम आणि दुर्री अशा दोन जोड्या झाल्या होत्या. दादाने तरी चार टाकले. आता माझा अर्धा पक्का होता आणि त्याचा अर्धा पक्का आहे की नाही ते मला माहीत नव्हतं. अशा वेळी रेजमध्ये आपलं काही जात नाही. मी आठ केले. त्याने जुळवले आणि पानं उघडली: एक्का, दुर्री आणि दोन अठ्ठ्या. तीन अठ्ठ्यांपुढे माझ्या दोन जोड्या गेल्या.

“या वेळी दोन्ही बाजूंचा होता ना?” तो वहिनीकडे बघून म्हणाला. वहिनी हसली, काही बोलली नाही.

भाच्याने ढीग पुढे ओढला आणि दोन-दोन करून मोजायला लागला. पंचावन्न. सत्तावीस इकडे, सत्तावीस तिकडे, मध्ये एक उरला. नियम असा आहे की वाटणीत एक उरला तर तो वरच्या हाताचा. दादाने तो चिंचोका उचलला, बोटांत फिरवून दिव्याजवळ धरला आणि म्हणाला, “हा आईच्या वेळचा दिसते.” त्याने तो ढिगात टाकला नाही, शर्टाच्या खिशात ठेवला. वहिनी पत्ते पिसत होती.